बागेतल्या झाडाला गाव हवं

प्रति,
पूर्व विदर्भातल्या जिल्हा नियोजन समित्यांचे सन्माननीय सदस्य, वनाधिकारी आणि उद्यानांच्या कामांवर ज्यांची सही लागते ते सगळे.

विषय : जिल्ह्यातल्या उद्यानांमध्ये आपल्या जंगलातल्या दुर्मिळ झाडांना त्यांच्या गावाच्या नोंदीसह जागा देण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यात राहते. कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि आता निवृत्त आहे. आमच्या घरामागे पाऊण एकराची वाडी आहे. तिच्यातल्या एका झाडाची गोष्ट सांगण्यासाठी हे पत्र लिहायला बसले. लिहिता लिहिता लक्षात आलं की मला तुमच्याकडून जे हवं आहे ते या एका झाडावरूनच नीट सांगता येईल.

झाड मैद्याचं. काही लोक मैदालकडी म्हणतात. २०१२ साली एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी जंगलातून आणून दिलेलं वीतभर रोप मी विहिरीजवळ लावलं. जुनी माणसं हाड मोडलं, मुरगळलं की याची साल वाटून लेप बांधतात. साल पाण्यात टाकली की बुळबुळीत होते आणि वाळली की घट्ट धरते. हा चिकटपणाच झाडाच्या जिवावर उठला आहे, कारण अगरबत्तीचा मसाला काडीला धरून ठेवायला सालीची पूड लागते. मागणी मोठी आहे आणि माल जंगलातून फुकटात येतो. मी लहान असताना आमच्या गावाच्या शिवेत मैदा होता. आज नाही.

माझं झाड चांगलं वाढलं. २०१९ च्या पावसाच्या तोंडाशी पहिल्यांदा फुललं. पानांच्या बेचक्यात बारीक पिवळसर गोंडे आले आणि माश्या घोंगावू लागल्या. मी दिवाळीपर्यंत फळांची वाट पाहिली. एकही धरलं नाही. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. पाणी कमी पडत असेल म्हणून आळं मोठं केलं, शेणखत घातलं. तिसऱ्या वर्षी गावातले एक काकाजी ढोरं घेऊन वाडीच्या कुंपणापाशी थांबले. त्यांनी एक डहाळी वाकवली, गोंडा चिमटीत चुरून पाहिला आणि म्हणाले, "बाई, हे तं नर हाये जी. याले फर नाही धरत. मादी पायजे."

पपईचं उदाहरण देऊन मी वर्गात नर-मादी झाडं किती वेळा शिकवली असतील! मैद्याचंही तसंच असतं, नर झाड वेगळं आणि मादी वेगळी. पण हे मला त्या कुंपणाजवळ उभं राहून कळलं, तेही शाळेची पायरी न चढलेल्या माणसाकडून. मी विचारलं, मादी कुठे आहे? ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, नाल्यापलीकडच्या डोंगरीच्या उतारावर एक होती. आहे की गेली ते माहीत नाही.

ऑक्टोबरात आम्ही गेलो. काकाजी, त्यांची नात, मी आणि माझे दोन जुने विद्यार्थी. झाड होतं. पण कमरेपासून खांद्यापर्यंत चारी बाजूंनी त्याची साल काढून नेली होती. उघडं पडलेलं खोड वाळून तपकिरी झालं होतं आणि त्याला उभ्या भेगा गेल्या होत्या. काठाशी कुऱ्हाडीच्या घावांच्या खाचा ओळीनं दिसत होत्या. म्हणजे घाई नव्हती, निवांतपणे काम केलं होतं. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जातं. गोल फिरवून साल काढली की तो रस्ता तुटतो आणि मुळं उपाशी मरतात. वरचं झाड लगेच मरत नाही, साठवणीवर काही काळ तग धरतं. या झाडाचा शेंडा सुकला होता आणि फक्त दक्षिणेच्या एका फांदीवर पानं हिरवी होती. त्याच फांदीवर वाटाण्याएवढी फळं होती, काही हिरवी, काही काळी पडलेली. काकाजींची नात वर चढली. आम्ही खाली धोतर धरलं.

त्र्याऐंशी बिया मिळाल्या. मैद्याचं बी डब्यात भरून पुढच्या पावसासाठी ठेवता येत नाही, ताजंच पेरावं लागतं. त्याच रात्री गर धुऊन काढला आणि सकाळी पिशव्यांत बी लावलं. एकतीस उगवली. त्यातली एकोणीस रोपं आज उभी आहेत, सगळ्यात उंच माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्या उतारावर गेलो तेव्हा मादी पडलेली होती.

आता या एकोणीस रोपांचा हिशोब पाहा. सगळी एका आईची लेकरं. नर किती, मादी किती, ते फुलल्याशिवाय कळणार नाही. ती आपसात फळली तर पुढची पिढी भावंडांच्याच जोडीतून आलेली असेल, आणि अशा पिढीत दोष साचत जातात, एखादा रोग आला तर सगळी एकदम बसतात. म्हणजे एकोणीस झाडं असूनही खरी राखण झाली ती एकाच कुटुंबाची. मैदा वाचवायचा तर मला कोरचीतली मादी हवी, धानोऱ्यातली हवी, इटापल्लीकडची हवी, पलीकडे गोंदियातल्या देवरी-सालेकसा भागातली हवी. हे माझ्या पाऊण एकरात होणार नाही. हे काम वनस्पती उद्यानाचं आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आपल्या भागात उद्यानांची कामं निघत असतात. वनउद्यान, जैवविविधता उद्यान, ऑक्सिजन पार्क, स्मृतिवन अशी नावं बदलत राहतात. बल्लारपूरजवळ विसापूरला मोठं वनस्पती उद्यान उभं राहिलं आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. नागपूरची महाराजबाग तर भोसल्यांच्या काळापासूनची. मुलांना खेळायला, म्हाताऱ्यांना फिरायला हिरवी जागा हवी, यात वाद नाही. पण 'वनस्पती उद्यान' ही पाटी लावली की एक जबाबदारी अंगावर येते. साध्या बागेत झाड दिसायला असतं. वनस्पती उद्यानात ते कुठून आलं, कधी आलं, कोणाचं बी, हे लिहिलेलं असतं. ही वही नसेल तर पाचशे जातींची झाडं असूनही ती फक्त बागच.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी अशाच उद्यानात गेले होते. 'औषधी वनस्पती विभाग' असा फलक होता. एका झाडाला 'मैदा' अशी पत्र्याची पाटी खिळ्यानं ठोकलेली होती. पान हातात घेतलं तर ते मैद्याचं नव्हतं. तिथल्या माळीदादांना विचारलं, हे कुठून आणलं? म्हणाले, नर्सरीतून. नर्सरी कुठली? "ते ठेकेदाराले माहीत, मॅडम." पुढे हिरडा-बेहड्याची रोपं दिसली. रोपं खरी होती, पण तीही त्याच गाडीतून आलेली. ती आपल्या भागातल्या बियांची आहेत की पाचशे किलोमीटरवरच्या, हे सांगू शकणारा तिथे कोणी नव्हता. माळीदादांची चूक नाही. त्यांच्या हाती कोणी कागदच दिला नव्हता. निविदेत रोपांची संख्या असते, उंची असते, पिशवीचं माप असतं. बियांचं गाव नसतं.

गाव कशाला हवं, असं तुम्ही विचाराल. एकाच जातीचं झाड वेगवेगळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलं की वेगळं होत जातं. बीजाचं, म्हणजे बिवळ्याचं झाड घ्या. मेळघाटातल्या काळ्या दगडावर उन्हाळा काढणारा बीजा आणि वैनगंगेच्या खोऱ्यातला बीजा दिसायला सारखेच, पण फुलायची वेळ, पाण्याचा ताण सोसायची ताकद यात फरक पडू शकतो. उद्या आमच्या उतारावर रोपं परत लावायची झाली तर आमच्याच डोंगरीचं बी आधी हवं. शिवाय नोंद नसेल तर आपल्याकडे दहा आयांची लेकरं आहेत की एकाच आईची दहा, हेही कळत नाही. रानटी जातींचं बी गोळा करणारे जाणकार जमलं तर एका ठिकाणच्या पन्नासेक झाडांवरून थोडं थोडं बी घेतात, ते याचसाठी. जिथे पन्नास उरलीच नाहीत तिथे जितकी आहेत तितक्या सगळ्यांवरून घ्यावं.

एकच झाड राखलं तर काय होतं, त्याचं जगातलं सगळ्यात दुःखद उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. १८९५ मध्ये डर्बनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख जॉन मेडली वुड यांना ओंगोये जंगलात सायकसच्या जातकुळीतलं एक निराळं झाड सापडलं. अनेक बुंध्यांचं, पण झाड एकच. त्याचे फुटवे डर्बनला नेले, १८९९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात एक पाठवला. १९१६ मध्ये शेवटचा बुंधाही जंगलातून उचलून आणला गेला. पुढे कितीही शोधलं तरी दुसरं झाड मिळालं नाही. ते झाड नर होतं. आज जगभरातल्या बागांमध्ये त्याच्या फुटव्यांपासून केलेली झाडं आहेत, शंकू धरतात, परागही उधळतात. पण सव्वाशे वर्षांत त्याला एकही मादी मिळालेली नाही. बागांनी ते झाड मरू दिलं नाही हे खरं, त्यांचे आभारच मानायला हवेत. पण कोणी पन्नास वर्षं आधी त्या जंगलात गेलं असतं तर? विहिरीजवळच्या माझ्या मैद्याखाली बसले की मला दर वेळी ते डर्बनचं झाड आठवतं.

आपल्याकडे अजून उशीर झालेला नाही. मैद्याची मादी कुठे ना कुठे आहे. टेटू आहे. त्याच्या तलवारीसारख्या लांब शेंगा अजून दिसतात, पण दशमूळ या आयुर्वेदिक औषधासाठी त्याचं मूळ खणतात आणि मूळ खणलं की झाडच जातं. डिंकासाठी कुलूच्या पांढऱ्या खोडावर इतके खोल घाव घालतात की ते भरूनच येत नाहीत. चारोळीचा भाव वाढला की लोक फांद्याच तोडून आणतात, कारण आपण थांबलो तर दुसरा नेईल ही भीती. भेरा आणि शिसम या दोन्ही जाती धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. गावात मात्र भेऱ्याला सरपणापलीकडे कोणी विचारत नाही. पांढऱ्या मुसळीच्या शास्त्रीय नावात मुंबईची बोरिवली आहे, पण आमच्या भागातल्या बाया पावसाळ्यात तिची भाजी खुडायच्या तेव्हा बोरिवली कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. कंद खणून विकायला लागल्यापासून भाजीपुरतीही दिसत नाही.

बीजाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्याची रोपं करण्यात मी दोन उन्हाळे घालवले आहेत. घाव बसला की याच्या सालीतून रक्तासारखा लाल चीक वाहतो. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी मधुमेहाचे रोगी सकाळी पितात, म्हणून आठवडी बाजारात पेले विकायला येतात. फळ म्हणजे गोल पापडी, मध्ये फुगीर आणि कडेला पातळ पंखासारखी झालर. वाऱ्यावर लांब जायला ती झालर बरी, पण पिशवीत लावताना अडचणीची. पहिल्या वर्षी मी पापड्या तशाच पुरल्या. शंभरात बारा उगवल्या. दुसऱ्या वर्षी बचत गटातल्या एका ताईनं कातरीनं झालर कापून टाकली आणि पापड्या दोन रात्री पाण्यात भिजवल्या. शंभरात अठ्ठेचाळीस आल्या. ही युक्ती वनशास्त्राच्या पुस्तकांत असेलच. पण आमच्या रोपवाटिकेत ती त्या ताईच्या हातानं आली, आणि आज ती दुसऱ्या बायांना शिकवते. उद्यानाला असे हात हवेत. ते गावात आहेत, त्यांना कामावर घ्यावं लागेल.

जगाचं चित्रही सांगते. २०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जगभरच्या वनस्पती उद्यानांच्या नोंदी एकत्र करून हिशोब मांडला. माहीत असलेल्या वनस्पतींपैकी निदान ३० टक्के आणि धोक्यात असलेल्या जातींपैकी ४१ टक्के कुठल्या ना कुठल्या उद्यानात आहेत. हा हिशोब मांडता आला तो वह्यांमुळे. पण त्याच हिशोबात हेही दिसलं की उद्यानांत ज्या जाती नाहीत, त्यांतल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या आहेत. म्हणजे आपल्याकडच्या. थंड देशांनी आपली झाडं सांभाळली, आपली आपण सांभाळायची आहेत.

महाराष्ट्रात हे जमत नाही असं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जाती गोळा केल्या, वाढवल्या आणि मूळ ठिकाणी परत नेऊन लावल्या. सह्याद्रीच्या कड्यांवरच्या त्या नाजूक वेलींना कोल्हापूरनं आसरा दिला. आमच्या पानझडी जंगलाला असा आसरा देणारं उद्यान आमच्याकडे असावं, एवढीच मागणी आहे.

केरळातल्या पालोडच्या वनस्पती उद्यानाचं तर फार जवळचं उदाहरण आहे. १९८७ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर अगस्त्य डोंगरात गेलेले काणी आदिवासी वाटेत एका छोट्या वनस्पतीची फळं खात होते आणि थकत नव्हते. आरोग्यपच्चा नावाच्या त्या वनस्पतीपासून संस्थेनं औषध तयार केलं, १९९५ मध्ये ते तंत्र एका कंपनीला दिलं आणि मिळालेल्या परवाना शुल्काचा व रॉयल्टीचा अर्धा वाटा काणी लोकांना द्यायचं ठरवलं. पुढे त्यात अडचणीही आल्या. पण झाड ओळखणारा माणूस हा वाटेकरी आहे, हे एका वनस्पती उद्यानानं मान्य केलं. आमच्या काकाजींनी मादी दाखवली नसती तर माझ्याकडे आज एकोणीस रोपं नसती. तुमच्या अंदाजपत्रकात काकाजींसाठी कोणता रकाना आहे? मजूर म्हणून नाही, जाणकार म्हणून.

यासाठी नवा कायदा नको. जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि त्याप्रमाणे गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, लोक जैवविविधता नोंदवही आहे. राज्याच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालय तर नागपुरातच आहे. अडचण दुसरीच आहे. राष्ट्रीय हरित लवादानं नोंदवह्या पूर्ण करायला ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि धावपळ सुरू झाली. आमच्या भागात मी दोन गावांच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या. झाडांची यादी शब्दशः एकच, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. एका गावात नदी आहे, दुसरं डोंगरावर आहे. ज्या एजन्सीनं हे काम केलं तिची माणसं गावात एक दुपार होती, असं सरपंच म्हणाले. त्या वहीत मैदा आहे. तो कुठे उभा आहे, नर की मादी, जिवंत की साल काढलेला, यातलं काहीच नाही.

ती वहीच उद्यानाचं पहिलं पान व्हावी असं मला वाटतं. पुन्हा लिहू या, घाई न करता, ढोरक्यांना, वैदूंना, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांना सोबत घेऊन. एका ऋतूत दहाच जाती लिहू, पण प्रत्येक आईझाडापाशी उभं राहून. आपल्या जिल्ह्यात मेंढा-लेखासारखं गाव आहे, ज्याला २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभा आपल्या जंगलाच्या धनी झाल्या. आईझाडं त्यांच्या हद्दीत आहेत. उद्यानानं त्यांच्याकडून बी मागून घ्यावं, दाम देऊन घ्यावं आणि पावतीवर गावाचं नाव लिहावं. वनरक्षकाला सांगून पोतं भरून आणणं आता थांबावं.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. दुर्मिळ झाडाचं ठिकाण पाटीवर लिहू नका. हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर कॅफे मारों नावाचं झुडूप नामशेष झालं असं धरून चालले होते. १९८० च्या सुमारास शाळेतल्या एका मुलाला ते रस्त्याकडेला सापडलं. गुरुजींनी जुनं चित्र दाखवलं होतं, त्यावरून त्यानं ओळखलं. बातमी पसरली आणि औषधी म्हणून लोक फांद्या तोडून नेऊ लागले. भोवती कुंपणावर कुंपण घालावं लागलं. १९८६ मध्ये त्याच्या काड्या क्यूला नेल्या, तिथे एक जगली. ती फुलायची पण बी धरायची नाही. २००३ मध्ये तिथल्या बागकाम तज्ज्ञानं बरीच खटपट करून पहिलं बी धरायला लावलं आणि रोपं पुन्हा बेटावर गेली. तेव्हा गाव वहीत असावं, ती वही ग्रामसभेकडे आणि उद्यानाच्या कपाटात असावी, फलकावर फक्त झाडाचं बरोबर नाव आणि तालुका पुरे. आणि आपल्या शाळांमधल्या पोरांना चित्रं दाखवा. आश्रमशाळेतली पोरं सुटीत घरी जातात तेव्हा जंगलातूनच जातात.

काही मित्र मला म्हणतात, बाई, तुम्ही उद्यान मागता आणि उद्या खाणीसाठी जंगल तोडताना तेच दाखवतील, की झाडं तर आम्ही बागेत ठेवली आहेत. ही भीती मलाही आहे, म्हणून इथे स्पष्ट लिहून ठेवते. कुंडीतला मैदा डोंगरीवरच्या मैद्याची जागा घेत नाही. त्याच्याखालची माती, त्याची फळं खाणारी पाखरं, त्याला आधार देणारी बुरशी यांतलं काही उद्यानात येत नाही. उद्यान हे घर जळताना बाहेर काढलेल्या लेकरांसाठी आहे. घर जाळण्याची परवानगी म्हणून ते कोणी वापरत असेल तर आम्ही उद्यानाच्याही विरोधात उभे राहू. अल्लापल्लीचं जुनं जंगल, ज्याला ग्लोरी ऑफ अल्लापल्ली म्हणतात, २०१४ मध्ये राज्याचं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ झालं. असं उभं जंगल पाठीशी असेल तरच उद्यानाला अर्थ आहे, कारण रोपं शेवटी परत जायची आहेत ती तिकडेच.

आता नेमकं काय हवं ते सांगते. पुढच्या वेळी उद्यानाचं अंदाजपत्रक समोर आलं की हिरवळ आणि कारंज्याच्या आधी बियांच्या वहीचा खर्च विचारा. रोपं निविदेतून घेण्याऐवजी निदान चौथा हिस्सा जागा आपल्याच तालुक्यांतल्या बियांसाठी राखून ठेवा. त्या जागेवर तीन वर्षं काही दिसलं नाही तरी चालेल, उद्घाटनाची घाई करू नका. बीजाला, मैद्याला वेळ लागतो. रोपवाटिका बचत गटांकडे द्या आणि रोप जगलं त्यावर पैसे द्या. लावलं त्यावर देऊ नका, कारण दर जुलैत फोटो काढून लावलेली रोपं होळीपर्यंत कुठे जातात हे आपण सगळे पाहतो. वनस्पतिशास्त्र शिकलेली एक व्यक्ती कायम नेमा. आमच्याच महाविद्यालयांतून पदवी घेतलेली मुलं-मुली पुण्या-नागपुरात मिळेल ते काम करत आहेत. त्यांतली दोघं त्या दिवशी माझ्यासोबत मादीखाली धोतर धरून उभी होती. त्यांना बोलावलंत तर येतील, मी विचारून ठेवलं आहे.

माझ्याकडची एकोणीसपैकी दहा रोपं मी उद्यानाला द्यायला तयार आहे, पैसे नकोत. प्रत्येकाबरोबर एक कागद असेल. त्यावर गावाचं नाव, उताराची दिशा, बी घेतल्याची तारीख, आईझाड आता नाही ही नोंद, आणि ते झाड ज्यांनी ओळखलं त्या काकाजींचं नाव त्यांच्या परवानगीनं. तो कागद रोपासोबत राहील एवढं लेखी मिळालं की मी रोपं पाठवते. उरलेली नऊ ग्रामसभेनं राखलेल्या जागेत लावणार आहोत.

आणि या भागातल्या ज्या कोणाला मैद्याची मादी ठाऊक असेल, त्यांनी आपल्या ग्रामसभेला कळवावं. फळं दिवाळीच्या आसपास काळी होतात, पाखरं आठवड्याभरात संपवतात. वसुबारसेच्या आधी निरोप आला तर आम्ही धोतर आणि पिशव्या घेऊन येऊ. काकाजींचे गुडघे आता डोंगरी चढू देत नाहीत. नात चढते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली